मदत हवी आहे: मर्ल ओबेरॉनची मुंबई

नमस्कार मंडळी, जुन्या हॉलिवूडमधली नटी मर्ल ओबेरॉन हिच्यावर लेख लिहायला घेतलाय. जन्म १९११चा, आपल्या मुंबईतला. पण हॉलिवूडमध्ये बाईंनी जन्मगाव ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातलंच सांगितलं. आईकडचं आशियाई रक्त उघड झालं असतं, तर त्या काळी नायिकेची कामं मिळणं कठीणच. १९३५च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. १९३७च्या मोटार अपघातातले चेहऱ्यावरचे व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेरामन ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला खेटून लावायचा खास दिवा केला, 'ओबी'. (पुढे लग्नही त्याच्याशीच!)

हे सगळं मिळतं हो, मुंबईचे दिवस मिळत नाहीत. जुन्या दिवाळी अंकात कुणी काही वाचलंय का? आणि त्या काळच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मुंबईत कुठे बघायला देतात? इंग्रजी पुस्तकही चालेल, नुसती गॉसिप नको.