चौथा भाग पाल्हाळ नाही

विल्यम मॉरिसच्या 'द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड' या कादंबरीचा नायक राल्फ जादूच्या विहिरीचं बळ देणारं पाणी पितो, तिथेच गोष्ट संपायला हवी होती, परतीचा चौथा भाग उगाच ताणलाय, असं काही वाचक म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. कादंबरीचा खरा जीव मला त्या परतीच्या वाटेतच दिसतो. राल्फ आणि त्याची बायको उर्सुला परततात तेव्हा त्याच्या वडिलांच्या अपमीड्स या छोट्या राज्यावर शत्रू चालून आलेला असतो, म्हातारे आईवडील घर सोडून जवळच्या वुलस्टेड गावात आलेले असतात. मग राल्फ वाटेत जोडलेली माणसं, मेंढपाळ आणि 'ड्राय ट्री' नावाच्या गटाचे योद्धे, सोबत घेऊन आपला मुलूख सोडवतो. मिळालेलं बळ घरच्यांसाठी वापरणारा नायक १८९६ सालच्या अद्भुत कादंबरीत भेटतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.