विषय: मानपत्र एकच की दोन? उद्या छपाईला द्यायचंय

प्रेषक: कार्यवाह
नमस्कार मंडळी,
आपल्या विद्यार्थिनीच्या मानपत्राचा मजकूर उद्या सकाळी छपाईला जातोय. बैठकीत ठरलं नाही ते इथे ठरवू. परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकाचं एक आणि निर्वासित छावणीतल्या कामाचं दुसरं, की दोन्ही मिळून एकच? शिवाय छावणीतल्या मुलांबरोबरचा तिचा फोटो पडद्यावर दाखवायचा का? मजकूर जोडलाय. आज रात्रीपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार
दोन करा. मागच्या वेळी एकत्र केलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. फ्रेमच्या खर्चाचं मी बघतो.

प्रेषक: साहित्य समिती
मजकूर आमच्याकडे न येताच छपाईला कसा निघाला? मंडळाची मानपत्रं आमची समिती लिहिते. आणि हा मजकूर एकदा वाचा तरी. ‘करुणेचा अखंड झरा’, ‘मूर्तिमंत मानवता’. पोरीनं केलं काय, ते कुठेच नाही. नाव बदललं की हे कुणालाही देता येईल.

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
काय केलं ते मी सांगते, माझ्याच वर्गात शिकलीय ती. तिचा प्रबंध पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनवर आहे. स्फिअर म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं. त्यांच्याप्रमाणे छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवं, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि पाणी देतात तिथे लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. नळाशी मोजलं तर प्रमाण बरोबर निघतं. पण पाणी कॅनमधून घरी जातं, उन्हात तापतं, त्यात हात बुडतात, आणि पिण्याच्या वेळेपर्यंत क्लोरीन उडून गेलेलं असतं. मग पटकीला वाट मोकळी. ही सुट्टीभर नळापासून झोपडीपर्यंत नमुने घेत फिरली. यात अभ्यास कुठे संपला आणि सेवा कुठे सुरू झाली? मानपत्र एकच हवं, आणि त्यात हे सगळं यायला हवं.

प्रेषक: माजी अध्यक्ष
ताईंशी सहमत. मात्र सेवेचे तास जरूर लिहा. आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांत २४० तास भरावे लागत, वहीत सह्या असत. गावात बांध घालताना हाताला फोड आले होते, त्याचा मला आजही अभिमान आहे. बाकीच्या मुलांपुढे आकडा असला की त्यांनाही हुरूप येतो.

प्रेषक: खजिनदार
तास अजिबात नकोत. एकदा तास छापले की पुढच्या वर्षी पालक तासांचे दाखले घेऊन येतील, आणि निवड आम्हाला करायचीय.

प्रेषक: युवा विभाग
फोटोबद्दल कुणीच बोलत नाहीये. कळकळीची विनंती, तो फोटो दाखवू नका. ती लहान मुलं आहेत, जीव वाचवून पळून आलेली. चेहरा आणि ठिकाण उघड झालं तर मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांना धोका होऊ शकतो. त्यांच्या आईवडिलांना कुणी विचारलंय? रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे, तिचं दहावं तत्त्व हेच सांगतं: आपद्ग्रस्तांना सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवा, असहाय म्हणून नाही. नमुन्यांच्या बाटल्यांचा फोटो तिच्याकडे आहे, तो घ्या. गुण छापायलाही तिची परवानगी हवी.

प्रेषक: तिची आई
गुणांना तिची हरकत नाही. तिचं म्हणणं एवढंच की नमुने घेणाऱ्या तिथल्या स्वयंसेविकांचा उल्लेख हवा. त्या स्वतः निर्वासित आहेत, दारोदार त्याच तिला घेऊन गेल्या. त्यांच्याशिवाय तिला कुणी घरात घेतलं नसतं.

प्रेषक: माजी अध्यक्ष
उल्लेख व्हायलाच हवा. २००८ चा मॅगसेसे पुरस्कारही डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे दोघांना मिळून होता. तासांचा आग्रह मात्र मी सोडलेला नाही.

प्रेषक: साहित्य समिती
मानपत्र एकच. स्वयंसेविकांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात, नावं न देता. ताई, प्रबंधाचं पूर्ण शीर्षक लगेच पाठवा. नवा मजकूर रात्री दहापर्यंत इथे टाकतो, तोवर कार्यवाहांनी छपाई थांबवावी.