युरिया विरघळताना पाणी गार का पडते?

प्रश्न
नमस्कार. फवारणीसाठी आधी बादलीत युरियाचे दाट द्रावण करून घेतो, तेव्हा बादली दर वेळी हाताला गारेगार लागते. कॉस्टिक सोडा टाकला तर पाणी तापते. मग युरियाचे उलटे का? आणि विरघळायला उष्णता लागत असेल, तर तो इतक्या सहज विरघळतो तरी कसा? पाणी कोमट घेतले तर चालेल का?

उत्तर १
युरियाचा स्फटिक हायड्रोजन बंधांनी (एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनसारखा अणू यांच्यातील ओढीने) घट्ट विणलेला असतो. त्याच्या रेणूत ऑक्सिजन एकच, पण स्फटिकात तो शेजारच्या रेणूंकडून तब्बल चार हायड्रोजन बंध स्वीकारतो. जवळपास तेवढ्याच रेणुभाराचे ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, तर युरिया वितळायलाच सुमारे १३३ अंश लागतात, यावरून या विणीची ताकद लक्षात यावी. पाण्यात जाताना हे बंध तुटतात आणि पाण्याशी नवे जुळतात. मात्र नव्या बंधांतून मिळणारी ऊर्जा जुने तोडण्याच्या खर्चाला पुरत नाही. ही तूट दर मोलमागे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम युरियामागे, सुमारे १५ किलोज्यूल असते आणि ती पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते. ५ लिटर पाण्यात १ किलो युरिया टाकल्यास जवळजवळ २५० किलोज्यूल खर्ची पडतात, म्हणजे तापमान ढोबळमानाने १० अंशांनी उतरते. कॉस्टिक सोड्याच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) पाणी इतके जोरात ओढते की तेथे तूट न येता शिल्लक उरते.

सहज विरघळण्याचे श्रेय एन्ट्रॉपीचे, म्हणजे रेणूंच्या अव्यवस्थेच्या मापाचे. स्फटिकात जखडलेले रेणू द्रावणात मोकळे होतात आणि त्या वाढलेल्या अव्यवस्थेचा लाभ उष्णतेच्या तुटीपेक्षा मोठा ठरतो. त्यामुळेच २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून थोडा अधिकच युरिया मावतो.

उत्तर २
यात एक भर घालतो. युरिया पाण्याची हायड्रोजन बंधांची रचनाच मोडून टाकतो, असे आम्हाला शिकवले होते. ८ मोलर (लिटरमागे सुमारे ४८० ग्रॅम) युरियात प्रथिनांच्या घड्या उलगडतात, त्याचे कारणही हेच ना?

उत्तर ३
ते मत दीर्घकाळ प्रचलित होते, परंतु आता ते तितकेसे टिकत नाही. रेझुस आणि बाकर या संशोधकांनी २००६ मध्ये अवरक्त किरणांच्या अतिशीघ्र स्पंदांनी पाण्याच्या रेणूंचे फिरणे मोजले, तेव्हा संहत द्रावणातही बहुतेक पाणी शुद्ध पाण्यासारखेच वागताना आढळले. प्रत्येक युरियामागे जेमतेम एखादा रेणू मंदावलेला होता. युरिया पाण्याच्या जाळ्यात फारशी मोडतोड न करता सामावतो. प्रथिनांच्या बाबतीत तो थेट त्यांच्या कण्याशी (मुख्य साखळीशी) आणि तिला जोडलेल्या पार्श्वशृंखलांशी लगट करतो, त्यामुळे उलगडलेली अवस्था स्थिर होते, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. शार्कच्या शरीरात युरिया भरपूर असतो, तरी त्याची प्रथिने शाबूत राहतात, कारण ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हे संयुग तेथे युरियाच्या विरुद्ध काम करते.

उत्तर १ (पुन्हा)
कोमट पाण्याचे राहिले होते. ते खुशाल वापरावे, युरिया लवकर विरघळेल. द्रावण उकळू मात्र नये, कारण तापवल्यावर युरियाचा थोडा भाग अमोनियम सायनेटमध्ये बदलू लागतो. पाने करपवणाऱ्या बाययुरेटची धास्ती असेल, तर ते कोमट पाण्याने होत नाही. ते कारखान्यात वितळलेल्या युरियात तयार होते आणि खत नियंत्रण आदेशानुसार त्याचे प्रमाण १.५ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही.