ब्रिस्टलने महापौर घालवला. बरं केलं की घाई केली?

एव्हनकाठचा
5 मे 2022 ला मी आयुष्यात पहिल्यांदा सार्वमतात मत दिलं आणि हरलो. (भारतीय पासपोर्टवर इथे इंग्लंडात रीतसर राहणाऱ्यालाही कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या महापालिकेसाठी, मत देता येतं, राष्ट्रकुलाची कृपा. पुण्यात माझं नाव यादीतून गायब, इथे मतदानाचं कार्ड घरपोच!)

प्रश्न एकच होता: ब्रिस्टल सिटी कौन्सिलचा कारभार थेट निवडून आलेल्या महापौराने चालवायचा की नगरसेवकांच्या समित्यांनी? समित्यांना 59 टक्के, महापौराला 41. मतदान जेमतेम 28.6 टक्के. मे 2024 ला पद संपलं.

आणि हेच शहर 2012 मध्ये ‘आम्हाला महापौर हवा’ म्हणालं होतं! त्या दिवशी इंग्लंडच्या 10 शहरांना विचारलं होतं. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स सगळे नको म्हणाले, हो म्हणणारं ब्रिस्टल एकटं. मग लाल पँटवाले जॉर्ज फर्ग्युसन आले, 2016 ला मार्विन रीस.

माझं म्हणणं, 2022 ला लोकांनी पद्धत नाही पाडली, माणूस पाडला. मतदानाच्या तोंडावर रीस हवामानबदलावर 14 मिनिटांचं भाषण करायला विमानाने व्हँकूवरला जाऊन आले. आमच्या ऑफिसात त्यावर आठवडाभर खिदळणं चाललं होतं. समित्या किती, अध्यक्ष कोण नेमणार, दोन समित्यांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे एकानेही विचारलं नाही. आज काही बिघडलं तर कॉलर धरायची कोणाची? समितीला कॉलर नसते.

सरळसोट
राग माणसावर होता, कबूल. पण तो राग पद्धतीतूनच आला ना? अरीनाचं विसरलात. टेंपल मीड्स स्टेशनजवळ मोठं सभागृह बांधायचं, असं वर्षानुवर्षं ठरत आलं होतं. सप्टेंबर 2018 मध्ये कौन्सिलच्या सभेने बहुमताने सांगितलं, तिथेच बांधा. रीस म्हणाले, नाही. फिल्टनला, जिथे काँकॉर्ड विमानं बनली, त्या आवारातल्या जुन्या हँगरमध्ये खासगी कंपनी करेल. विषय संपला. सभेचं मत बंधनकारकच नव्हतं!

बजेटचंही तेच. महापौराचं बजेट बदलायला दोन तृतीयांश नगरसेवक लागायचे, म्हणजे 70 पैकी 47. 2021 ला लेबर आणि ग्रीन दोन्ही पक्षांचे प्रत्येकी 24 आले, तरी खुर्ची एकट्या रीस यांच्या लेबरकडे. मी ज्याला निवडून दिलं त्या नगरसेवकाने सभेत काय करायचं, टाळ्या?

वाईकर_काकू
तुमचं भांडण वाचून हेवा वाटला हो. तुम्हाला कोणी विचारलं तरी! आमच्याकडे 2016 ला नगराध्यक्ष थेट जनतेतून, 2019 ला सरकार बदललं तर 2020 ला पुन्हा नगरसेवकांतून, 2022 ला सरकार बदललं तर पुन्हा थेट. सरपंचांचीही अशीच फिरवाफिरवी. आमचं मत कोणी घेतलं? मुंबईत बसून ठरतं, आम्ही फक्त बटण दाबायचं.

बाकी थेट निवडीचा अनुभव विचाराल तर, नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की गटाराच्या झाकणाचाही ठराव अडतो. कसली कॉलर धरता? तो म्हणतो नगरसेवक अडवतात, नगरसेवक म्हणतात तो ऐकत नाही.

एव्हनकाठचा
@वाईकर_काकू, तुलना पुरती जमत नाही. आपल्या महापालिकांत खरी किल्ली आयुक्तांकडे आणि तिजोरीची स्थायी समितीकडे. महापौर अडीच वर्षं फीत कापतो. इथल्या महापौराच्या हातात खरोखर सत्ता होती.

@सरळसोट, अरीनाचं मान्य. तो निर्णय मलाही पटला नव्हता. पण मग 2021 ला लोकांनी याच माणसाला परत का निवडलं? आणि मतपत्रिकेवर पर्याय दोनच का? नगरसेवकांनी आपला नेता निवडायचा आणि त्याने छोट्या कॅबिनेटसह कारभार करायचा, ही इंग्लंडमधली सगळ्यात रूढ पद्धत. ती छापलीच नव्हती. उपमा नको तर पोहेच खा, इडली आजच्या मेन्यूत नाही.

गणिती
28.6 टक्क्यांवर फार नाक मुरडू नका. 2012 ला महापौर आला तेव्हा मतदान 24 टक्के होतं. ते चालत असेल तर हेही चालवून घ्या. शिवाय महापौर गेला म्हणून शहर पोरकं झालेलं नाही. रीस यांच्या काळात ब्रिस्टलला एकूण तीन होते: हे, झगा घालून समारंभ करणारे लॉर्ड मेयर, आणि आसपासच्या भागासकट सगळ्यांवरचे वेस्ट ऑफ इंग्लंडचे महापौर. आता दोनच उरले.

सरळसोट
😂 तीन महापौर आणि खड्डा तोच.

ईस्टनची_सून
मी पूर्व ब्रिस्टलमध्ये राहते म्हणून लिहिते. समित्या आल्या की आमचं ऐकलं जाईल म्हणून मी महापौराच्या विरोधात मत दिलं होतं. मार्च 2025 मध्ये बार्टन हिलला गाड्या अडवणारं बस गेट कसं बसवलं? रात्रीच्या अंधारात, पोलीस बंदोबस्तात. त्याआधी रस्त्यात उभं राहून अडवणाऱ्यांत आसपासच्या बायका होत्या. योजना महापौराच्या काळातली, हे खरं, पण रेटली समितीवाल्यांनीच. या समित्यांत पुढे असलेल्या ग्रीन पक्षालाच मी मत देते, तरी हे टोचलं.

उलट बाजूही सांगते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कचऱ्याचा काळा बिन चार आठवड्यांनी एकदाच उचलायचा घाट होता. लहान मूल असलेल्या घराने डायपर काय डोक्यावर ठेवायचे? बोंबाबोंब झाली आणि चार आठवड्यांचा पर्याय बारगळला. महापौर असता तर बारगळला असता का? सांगता येत नाही. पण माझ्या नगरसेविकेला इमेल केल्यावर ‘मी त्या समितीत आहे, बोलते’ असं उत्तर आलं. असं उत्तर मला आधी कधी मिळालं नव्हतं.

एव्हनकाठचा
हे उत्तर मला खोडता येत नाही. बस गेटचा मुद्दा मात्र मी खिशात टाकला 🙂

गणिती
तुम्ही दोघं भांडताय ती जागाच सरकारला पाडायची होती. जुलै 2025 मध्ये लंडनच्या सरकारने मांडलेल्या विधेयकात समिती पद्धत मोडीत काढून नेता-कॅबिनेट आणायची तरतूद होती. म्हणजे एव्हनकाठच्याची इडली. ब्रिस्टलला 2022 ला सांगितलं होतं की हा निर्णय किमान 10 वर्षं टिकेल. ते विधेयक आणताना कोणी सार्वमत घेतलं?

वाईकर_काकू
अगंबाई! म्हणजे तुमचीही मुंबई आहेच.

एव्हनकाठचा
काकू, मला हवी तीच पद्धत अशी वरून आली तर मी आनंद मानायचा की मोर्चा काढायचा, हे अजून ठरत नाहीये.

सरळसोट
मोर्चा. मी बॅनर आणतो. तुम्ही महापौराच्या बाजूने उभे राहा, मी समित्यांच्या. घोषणा एकच देऊ.