मदत हवी आहे: कायम रात्रपाळी, मोजून आहार, तरी कंबर तशीच. चुकतंय कुठे?

एका व्यक्तीचं वेळापत्रक तपासायचंय. पाळी रात्री १० ते ६, आठवड्याला ५ रात्री. झोप सकाळी ९ ते २, तीही तुटक. सुटीच्या दोन दिवशी मात्र रात्री ११ लाच झोप. रोज १६०० कॅलरी, सगळं काट्यावर तोलून. मुख्य जेवण पाळीतल्या सुटीत, रात्री २ ला. सहा आठवड्यांत ३ किलो उतरले, कंबर जेमतेम १ सेंमी. कॅलरी अजून कमी कराव्यात का?

प्रतिसाद १
अजिबात नको. आधी झोप बघा. २०१० मध्ये शिकागोत जादा वजनाच्या दहा जणांवर नेमका हाच प्रयोग झाला. तोच कमी आहार ठेवून १४ दिवस साडेआठ तास बिछान्यात, १४ दिवस साडेपाच. वजन दोन्ही वेळा सुमारे ३ किलो उतरलं, पण चरबी गेली अनुक्रमे १.४ आणि ०.६ किलो. कमी झोपेत चरबी राहिली आणि स्नायूंसकट बाकीचं झिजलं. काटा हलतोय आणि टेप हलत नाही, तेव्हा हीच शंका पहिली घ्यायची.

दुसरी गोष्ट २ वाजताचं जेवण. रात्री जागलं म्हणून मेंदूतलं घड्याळ उलटं फिरत नाही. घरी जाताना डोळ्यांवर पडणारं ऊन ते रोज पुन्हा जागेवर आणतं. मध्यरात्रीनंतर मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, चढलेलं असतं, स्वादुपिंड इन्सुलिन हात राखून सोडतं. तेच जेवण संध्याकाळी जेवलं असतं तर साखर इतकी चढली नसती.

प्रतिसाद २
वेळा अशा लावून बघा. उठल्यावर ४ ला पहिलं जेवण, पाळीआधी साडेआठला मोठं जेवण. रात्री १२ ते ६ खाणं बंद, पाणी चालेल. साडेसातला हलकं काहीतरी, नाहीतर भुकेनं ११ लाच जाग येते. झोप साडेआठ ते साडेतीन. खोलीत हात समोर धरला तर बोटं दिसता कामा नयेत. दाराखालच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावा. चहा-कॉफी रात्री २ नंतर बंद, कारण पाच-एक तासांनंतरही कॅफिनचा निम्मा अंश अंगात असतो.

सुटीत ११ ला झोपणं हे सगळ्यात जास्त नडतंय. त्या दिवशी पहाटे ४ ते साडेबारा झोपावं, म्हणजे साडेआठ ते साडेबारा हे चार तास आठवडाभर समान राहतात. घरच्यांसाठी अवघड आहे, कळतंय. पण निदान एवढा खुंटा पक्का हवा.

प्रश्नकर्ता
३ च्या सुमारास कडकडून भूक लागते. तेव्हा?

प्रतिसाद २
२०० कॅलरींच्या आत, प्रथिनं जास्त, गोड नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी डोस बदलल्याशिवाय रात्रीचं खाणं तोडू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

प्रतिसाद ३
घोरणं आहे का ते विचारा. झोपेत श्वास अडकतो, उठल्यावर डोकं दुखतं, मान ४० सेंमीच्या वर, यातलं काही जुळलं तर आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी. श्वास अडत असेल तर सात तास झोपूनही झोप पुरी होत नाही.

वजन मुख्य झोपेनंतर, लघवी करून घ्या आणि सात दिवसांची सरासरी धरा. पाळीनंतर लगेच घेतलेला आकडा पाण्यामुळे फसवतो.