मदत हवी आहे: गेमिंगसाठी क्वाड्रो के४२०० ग्राफिक्स कार्ड ठेवू की पी२००० घेऊ?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. काकांच्या चादरीच्या डिझाइन ऑफिसातलं जुनं वर्कस्टेशन मला मिळालंय. आत क्वाड्रो के४२०० आहे. पंख्यात सुताचा भुगा इतका अडकला होता की ब्रशने साफ करायला तास गेला. ओळखीच्या दुकानात वापरलेलं पी२००० मिळतंय. कोर (कार्डातले गणना करणारे भाग) १३४४ वरून १०२४ वर येतात, तरी दुकानदार म्हणतो तेच घे. पी२००० ला वीज १०८ ऐवजी ७५ वॅट, वेगळी पॉवर केबल लागत नाही. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आमच्याकडच्या मेच्या उन्हात हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय के४२०० केप्लर या जुन्या पिढीचं, त्याचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद झालेत.

अडचण एकच. माझ्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय, आणि पी२००० ला चारही जोडण्या डिस्प्लेपोर्टच्या, म्हणजे केबल थेट बसत नाही. साध्या कन्व्हर्टरवर जीटीए ५ हा गेम नीट चालतो का? कोणी खेळलं असेल तर कृपया सांगा, रविवारी दुकानात जायचंय.