पॉइंट काढण्याआधी अ‍ॅडव्हान्स बघा

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५०चे सीबी पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं आणि मग हिमाचलमधल्या स्पितीला जायचं, असं तुम्ही म्हणताय. माझा विरोध नाही, माझ्याही गाडीला किट आहे. पण बऱ्याच किट फक्त पॉइंट आणि कंडेन्सरची जागा घेतात. आतली वजनं आणि स्प्रिंग, म्हणजे वेग वाढला की स्पार्क थोडा आधी पाडणारी यंत्रणा, मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्स, जुनीच राहते. स्प्रिंग सैल झाल्या असतील तर स्पार्कचं टायमिंग नाचतच राहणार, आणि दोष मात्र किटला जाणार. माझे दोन महिने यातच गेले. आधी तेवढं उघडून स्वच्छ करा, मगच खर्च.

गाडी ६ व्होल्टची असेल तर विचारच करू नका, आधी १२ व्होल्ट. बॅटरी उतरली तरी पॉइंटवर गाडी कशीबशी ओढते, पण इलेक्ट्रॉनिक बॉक्स ठरावीक व्होल्टेजखाली गप्प बसतो.

आणखी एक. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून अ‍ॅमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मध्यावर आणायचा आणि मग किक मारायची, ही आपली सवय. काटा हलतो तो पॉइंट उघडमीट करतात म्हणून. बऱ्याच किटमध्ये इंजिन थांबलेलं असताना कॉइलला करंटच जात नाही, त्यामुळे काटा काही सांगत नाही. कॉम्प्रेशन पायालाच ओळखायला शिकावं लागतं.

जुनी पॉइंट प्लेट, कंडेन्सर आणि फीलर गेज (पॉइंटमधली फट मोजायच्या पट्ट्या) मात्र सोबत ठेवाच. स्पितीतल्या काझाच्या रस्त्यावर बॉक्स गेला, तर तेवढ्यावर गाडी पुन्हा चालू करता येते.